मागचं डावं दार

वाकडेवाडीच्या शोरूममध्ये तिच्या अंगावर लाल मखमल होती.
सेल्समन म्हणाला, ओढा मॅडम.
फोटोग्राफर म्हणाला, हसा.
मी दोन्ही केलं.
हातात दिलेली किल्ली पुठ्ठ्याची, हातभर लांब;
खरी नंतर आली, ट्रेमधून, पेढ्यांच्या शेजारी.

सारसबागेपाशी नारळ फुटला, चाकांखाली लिंबं.
गुरुजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढून
मोबाइलवरचा क्यूआर कोड पुढे केला.
बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन महिन्यावर आलेलं.
ते गाडी बघत नव्हते, तिच्यावरून बोटं फिरवत होते,
गिरणीत पीठ चिमटीत घेऊन बघतात तशी.
मागच्या डाव्या दाराशी बोटं थांबली.
बोलले काहीच नाहीत.
पेढा तेवढा अर्धा ठेवला.

नवव्या दिवशी, धायरीत, पार्किंगच्या ट्यूबखाली
त्या दारावर उजेड लटपटला.
बाकीच्या दारांवरून तो सरळ जातो,
पट्टी धरून ओढल्यासारखा.
रबर उचलून पाहिलं तर आत करडे बारीक शिंतोडे,
खीर उतू जाताना ओट्यावर उडतात तसे.

नाना पेठेत इलियासभाईंनी बोटाचं पेर वाजवलं.
पुढचं दार टण्ण.
मागचं बद्द.
हातातली बिडी कानामागे ठेवत म्हणाले, पुट्टी आहे ताई, चांगली जाड.

आई मडकं वाजवून घ्यायची.
आम्ही अकरा लाखांची गाडी
मखमल ओढून घेतली.

मॅनेजर म्हणाला, ट्रान्झिटमध्ये होतं असं कधीकधी.
चालवायला काही त्रास आहे का, मॅडम?
मग मॅट, सीटकव्हर, एक सर्व्हिस फुकट
आणि एक कागद: माझी काही तक्रार नाही.
त्या कागदात नुकसान हा शब्द नव्हता,
कॉस्मेटिक बाब होती.
मी सही केली नाही.
चहा मात्र प्यायले. त्याचा राग अजून जात नाही.

रात्री ग्राहक आयोगाचा अर्ज लिहायला बसले.
बाबा पिंपरीत एकतीस वर्षं पेंट शॉपला.
ते सांगत गेले, मी टाइप करत गेले:
सरफेसर, ओव्हरस्प्रे, मूळ रंगाचा थर किती मायक्रॉन,
मशीन लावून मोजून घे, तोंडी कोणी मानत नाही.
मग म्हणाले, थांब जरा.

मार्चअखेर आमच्याकडेही यायच्या यार्डातून,
फोर्कलिफ्टनं ठोकलेल्या.
रात्रपाळीला मीच घासायचो, मीच मारायचो,
सकाळी काचेवर खडूनं ओके.
कुणाच्या बापाला कळायचं नाही.

हे सांगताना आवाजात थोडी ऐट होती.
ती त्यांनाही ऐकू आली असावी,
कारण पुढे बराच वेळ
फ्रिजच बोलत राहिला.

किती? मी विचारलं.
मोजल्या नाहीत.
एक पांढरी होती. कोल्हापूरला गेली. उजवा फेंडर.

मी लिहिलं, सदर बाब विक्रेत्यास माहीत होती.
बाबा स्क्रीनला नाक लावून वाचत होते.
म्हणाले, पूर्णपणे घाल.
पूर्णपणे माहीत होती.

तारीख पडली आहे, एकवीस ऑगस्ट.
तोवर गाडी चालवायची, हप्ता भरायचा,
दार जोरात लावू नका म्हणायचं.
बाबा आता मागेच बसतात, डावीकडे.
हळूच ओढतात,
आणि लागल्यावरही तळवा दारावर तसाच राहतो.

काल नवले पुलाशी सगळं अडकलेलं.
शेजारी एक जुनी पांढरी गाडी येऊन थांबली.
बाबांनी काच खाली केली, डोळे बारीक केले.
झिरो नाइन का गं?
नाही बाबा. बारा.
नीट बघ, म्हणाले.