कोपऱ्यातला माणूस

माझं काम एका मिनिटाचं.
घंटा झाली की स्टूल सरकवायचं,
दातांवरचं रबर काढून बादलीत बुचकळायचं,
भुवईच्या चिरेत कापूस दाबायचा
आणि बर्फात ठेवलेला लोखंडाचा तुकडा
सुजेवरून इस्त्रीसारखा फिरवायचा.
बोलायचं काम दुसऱ्याचं.
तीस वर्षांत मी कुणाच्या कोपऱ्यात बोललेलो नाही.

काल रात्री कोपरा ओब्लिटेचा होता.
चौदा लढती, चौदा विजय,
त्यातले तेरा जण तिसरी फेरी बघायला उरलेच नव्हते.
बुकोमच्या भिंतीवर त्याचं तोंड रंगवलंय.
केंके विकणारी नाआ कोशी त्याच्याकडून पैसे घेत नाही.
किनाऱ्यावरची पोरं होड्यांच्या सावलीत
'मी ओब्लिटे, मी ओब्लिटे' म्हणून आधी भांडतात,
मग लढतात.

समोर सोवा.
एक्केचाळिशीचा, पोट पट्ट्यावरून किंचित ओघळलेलं,
गुडघ्याला पट्टी,
नाक दोनदा मोडून तिसऱ्यांदा सरळ झालेलं.
त्याच्या डाव्या भुवईवरचा व्रण
माझ्या अंगठ्याच्या मापाचा आहे.
मीच दाबून धरला होता तो, टेमात, अकरा फेऱ्या.

पहिल्या चार फेऱ्या पोराच्या.
लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं.
सोवा दोरांना टेकून मार खात होता,
थकलेल्या भाड्यावरून घरमालकाचं ऐकून घ्यावं तसा,
मान खाली, लक्ष भलतीकडे.
ठोसे दंडावर, कोपरावर, खांद्यावर.
पोराला वाटलं, भिंत पडतेय.
भिंत मोजत होती.

सहाव्या फेरीत ओब्लिटेनं तोंड उघडलं.
एवढंसंच. टोपलीतल्या माशानं उघडावं तेवढं.
सोवानं पाहिलं.
मीही.

स्टुलावर उस्ताद ओरडत होता, 'संपव, संपव त्याला!'
आणि मला ठाऊक होतं,
आता सोवा डावा पाय वीतभर बाहेर टाकणार,
पोटाकडे बघणार, पोटाकडे खांदा झुकवणार,
पोराचा उजवा हात पोट राखायला खाली येणार
आणि डावा वरून येणार.
सतरा वर्षांपूर्वी हे मी सोवाच्याच कोपऱ्यातून पाहिलं होतं,
इतक्यांदा, की झोपेतही माझा खांदा झुकायचा.

चार शब्द होते.
उजवा हात सोडू नको.
पोराचा कान माझ्या तोंडापासून अर्ध्या हातावर.
मी लोखंड फिरवत राहिलो.
घंटा झाली.

तो लगेच पडला नाही.
आधी त्यानं खाली पाहिलं,
काहीतरी हरवल्यासारखं,
मग ते शोधायला बसला.
पंच मोजत होता. नवाला पोरगं उठलं
आणि सोवाच्या कोपऱ्याकडे चालू लागलं,
सवयीनं, घरी निघाल्यासारखं.
पंचानं त्याला मिठीत धरून थांबवलं.

सगळं ओसरल्यावर सोवा आला.
पोराच्या डोक्यावर हात ठेवला, त्याला काही बोलला नाही.
मला म्हणाला,
'चौथ्यातच करणार होतो.
वाटलं, तू सांगून ठेवलं असशील.'
आणि दुखऱ्या गुडघ्यानं एकेक पायरी उतरत गेला.

आता खोलीत आम्ही दोघेच.
बाहेर कुणीतरी खुर्च्या घड्या करतंय.
ओब्लिटेचा उजवा डोळा मिटलाय, डावा माझ्यावर आहे.
'तुला दिसलं होतं?'

बर्फ संपलाय.
लोखंड माझ्या मुठीत कोमट होत चाललंय.
बोलणं माझं काम नाही, असं म्हणता येईल.
ते खरंही आहे.
तो वाट बघतोय,
आणि इथे घंटा वाजवायला कुणी नाही.