सोगंदनामा

बडोद्याच्या कोर्टाबाहेर, कडुलिंबाखाली,
एकवीस वर्षं मी लोकांच्या शपथा टाइप करते.
हरवलेली मार्कशीट, बदललेलं आडनाव,
मयताचे वारस किती आणि कोण.
पानाला चाळीस रुपये, घाई असेल तर पन्नास.
सगळ्यांची सुरुवात एकच:
राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने लिहून देतो की.
राजीखुशी मी कधी तपासली नाही.
अक्कलहुशारी तर नाहीच नाही.

गुरुवारी रजिस्ट्रारसमोर
किरीटला आणि मला एकेक छापील ओळ म्हणायची आहे.
तो म्हणाला, मग आपलं आपण थोडं बोलू,
तू तुझ्या भाषेत, मी माझ्या.
साक्षीदारांना लीलो चिवडो त्यानंतर.

म्हणून आज रात्री दांडिया बाजारच्या खोलीत
कोरा कागद घेऊन बसले. हातानेच लिहायचं ठरवलं.
पहिली ओळ आली ती अशी:
मी, इंदुमती सुर्वे, वय वर्षं एकोणपन्नास, धंदा टायपिंग.
खोडली.

दुसरी लिहिली, वाचली,
तर अक्षरांच्या डोक्यावर रेघच नाही.
दिवसभर गुजराती, हात तसाच वळलेला.
आई असती तर म्हणाली असती,
अगं, ही अक्षरं अशी बोडकी का?
शब्द तिचाच.
दत्ताजी गेले त्या वर्षी तिने तो एकदा
मलाही लावला होता, शेजारणीशी बोलताना,
मी आत चहा गाळत होते.

पहिल्या खेपेला सात पावलं चालले मी
तांदळाच्या ढिगांवरून.
वाक्यं गुरुजींची, घाई फोटोवाल्याची.
काय कबूल केलं ते अजून मला माहीत नाही.
तरी अठरा वर्षं पाळलं.

किरीट वजनकाटे दुरुस्त करतो, मंगळबाजारात.
म्हणतो, रिकामा काटा शून्यावर उभा राहिला
की अर्धं काम झालं.
मीही मग पारड्यातलं काढत गेले.
'जन्मभर' काढलं.
'कधीच खोटं बोलणार नाही' काढलं,
शपथेवरचं खोटं माझ्याइतकं कुणी टाइप केलंय?
'सुखदुःखात' काढताना थोडा वेळ गेला.

उरलं ते हे.

तुला डाव्या कानाने कमी ऐकू येतं.
मी उजवीकडे बसेन, स्कूटर सोडून.
तुझ्या डाळीतला गूळ खाईन, रोज नाही.
रागावलास तर गुजरातीत रागाव, मी मराठीत,
भाषांतर होईतो निम्मं निवतं.
दत्ताजींचा फोटो भिंतीवर राहील.
तुझ्या मंजुळाबेनचाही घेऊन ये,
खिळा मी ठोकते.
आधी मरणार नाही, असं मी म्हणणार नाही,
तूही म्हणू नकोस.
मागच्या वेळी आपल्याला कुणी तसं म्हटलं नव्हतं,
तरी आपण दोघंही
दिलेला शब्द मोडावा तसे रागावलो होतो त्यांच्यावर.
हे तूच सांगितलंस, सुरसागरच्या कठड्यापाशी,
शेंगा सोलता सोलता,
आणि साल माझ्या ओंजळीत टाकलंस.
मी तेव्हाच हो म्हटलं होतं बहुतेक.

पट्टी घेऊन शब्दांवर रेघा मारायला लागले.
'गूळ' पर्यंत आले आणि थांबले.
किरीटला वाचायला बिनरेघेचंच सोपं.
राहू दे अर्धं असं, अर्धं तसं.

खाली सवयीने हात आपोआप लिहून गेला:
वरील मजकूर मी वाचला, मला समजला, तो खरा आहे.

ही ओळ मात्र
खोडायला पेन उचललं आणि टोपण लावलं.