आतली घंटा

तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर
एकतीस वर्षं रात्रपाळी केली.
चार अंशांत रचलेली पंधरा किलोची खोकी,
आणि कानटोपी घालून मी
त्यांच्या झोपेवर पहाऱ्याला.
आता घरी बसलोय तर झोप कशाची येतेय.
तिला माझा हा पत्ताच माहीत नाही.

अकराला उठतो, एकला, अडीचला.
मोरीपर्यंत जातो, येतो.
पावलांत मुंग्या चालतात,
साखरेचा माग काढत आल्यासारख्या.

दस्तगीर म्हणाला, ही घे.
वहीच्या कागदात चार गोळ्या,
नाव ना गाव.
"मेव्हण्याच्या हायत. घेतली की ढाराढूर."

त्या दिवशी संकष्टी.
सुई मी ठरल्या वेळेला टोचून घेतली,
चंद्र मात्र त्याच्या वेळेनं आला.
तोवर भूक मरून गेलेली,
दोन घास मोडले, ताट सारलं,
आणि वरून ती गोळी.

स्वप्नात मी चेंबरच्या आत होतो
आणि दार लागलेलं.
तिथं आतल्या भिंतीला लाल बटण असतं,
चुकून कोंडला गेला माणूस, तर त्यानं दाबायचं.
पहिल्या दिवशी कुपवाडे मुकादमानं
हजेरी लावायच्या आधी तेच दाखवलेलं.
मी दाबत होतो, दाबत होतो.
घंटा कापसात वाजावी तशी वाजत होती.

बाहेर, म्हणजे गादीवर,
बनियन घामानं चिंब,
काळीज दाणदाण, बोटं थरथर.
अंगानं होत्या नव्हत्या तेवढ्या घंटा बडवल्या
आणि ज्याच्यासाठी बडवल्या
त्याच्याच कानात गोळीचा बोळा.

मालनचा हात ओल्या उशीला लागला.
"अवो, उठा की. का बोलंना?"
नऊ वर्षं सुईकडं न बघणाऱ्या बाईनं
त्या रात्री माझं बोट टोचलं,
बॅटरीच्या उजेडात आकडा वाचला.
अठ्ठेचाळीस.
मला भिंतीला टेकवून बसवलं.
"आधी थुंकी गिळून दावा."
गिळली, तेव्हाच साखरेचं पाणी,
चमच्या-चमच्यानं.

डॉक्टर आरगे रागावले नाहीत.
पुडी उलगडून त्यांनी गोळी अशी निरखली,
जसा मी बेदाणा निरखायचो:
रंग काय, कुणाच्या शेडवरचा, माल कुणाचा.
"काका, गोळी वाईट नाही. पण ही तुमची नाही."
मग विचारत सुटले.
किडनीचा रिपोर्ट कधीचा? बीपीची कुठली?
खोकल्याचं औषध? संध्याकाळी घोटभर काही?
मालनच्या भावानं दिलेलं झोपेचं चूर्ण
तेही पिशवीतून काढायला लावलं.
"तुम्हाला जागवतेय ती साखर.
आधी तिला निजवू.
त्यावरही लागलीच, तर लिहून देईन,
थोडी, थोड्याच दिवसांची.
आणि उपास असला की सकाळीच फोन.
सुईचं किती, ते मी सांगणार. चंद्र नाही."

आता उशाशी मीटर आहे, ग्लुकोजचा डबा आहे,
आणि मूठभर हिरवा बेदाणा, मीच निवडलेला.
डॉक्टर म्हणाले, ग्लुकोज लवकर चढतं.
मला ठाऊक आहे. असू दे तो तिथं.
नऊ वर्षांत एक दाणा जिभेवर नाही.

काल सकाळी, नऊ वाजून गेल्यावर,
एकदम आठवण झाली. दस्तगीरला फोन लावला.
"तुझ्या मेव्हण्याला शुगर हाय काय?"
"हाय की. लई वर्सं झाली."
"सुई घेतो?"
"घेतो वाटतं."
"आता कुठं हाय?"
"हितंच. अजून उठला न्हाई."

म्हटलं, जा. हलवून बघ. फोन ठेवू नको.

त्याच्या चपला ऐकू आल्या.
मग एक दार, करकरत.
मालन कुकरची शिट्टी हातात घेऊन
माझ्या तोंडाकडं बघत उभी.

मग कुणीतरी झोपमोडीची
कचकचीत शिवी हासडली.

इतकं गोड काही
मी नऊ वर्षांत चाखलं नव्हतं.