गवताला रकाना नाही

ज्या हातांनी खड्डे खणले
त्याच हातांनी आता बुजवतोय.
दीड फूट बाय दीड फूट,
मुरूम लागेपर्यंत पहार;
सातशे वीस खड्डे माझ्या एकट्याच्या नावावर आहेत
जतच्या पूर्वेला, या माळावर.

तेव्हा कागदात याचं नाव होतं पडीक.
साहेब म्हणाले, मायाप्पा, इथं जंगल उठवायचंय.
गिरिपुष्पाची रोपं लावली आम्ही ओळीनं,
प्रार्थनेला उभी केलेली पोरं जशी.
जगली. चिवट जात.
शेळी तोंड लावीना, खाली गवत धरेना.
लांबून बघितलं तर हिरवं,
आणि हिरव्याच्या खाली काहीच नाही.

खोकड बीळ सोडून गेलं
त्याची नोंद कुणी केली नाही.
सत्यव्वाच्या मेंढ्या तेवढ्या
सावलीच्या कडेशी थबकायच्या,
वास घ्यायच्या
आणि माघारी वळायच्या.

मग एक पोरगी आली अभ्यासाला.
तारेचा मीटरभर चौकोन जमिनीवर टाकायची
आणि गुडघ्यावर बसून गवत मोजायची.
मला हसू यायचं.
जुन्या बांधाकडच्या एका चौकोनात अकरा जाती निघाल्या.
माझ्या ओळींखाली दीड.
दीड कशी, मी विचारलं.
म्हणाली, दुसरी मरायला टेकलीय.

आता हुकूम उलटा आलाय.
गावात कुजबुज: झाडं उपटतोय, पाप लागेल.
शाळेच्या भिंतीवर ‘झाडे लावा’
मीच रंगवलंय, पाचशे रुपयांत,
पोरगी रोज त्याच्याखाली चप्पल काढते.
तिला काय सांगू?
हिवर ठेवलेत, सांगितलं. बोरी ठेवल्यात.
ती माळाचीच माणसं,
लांब लांब बसलेली,
एकमेकांच्या ताटात हात न घालणारी.

मेंढ्या दोन वर्षं आत नकोत म्हटल्यावर
सत्यव्वा भांडली सगळ्यांशी.
मेंढीला कॅलेंडर कळतं का रे मुडद्या?
आठवडाभर तोंड दाखवलं नाही.
नंतर एका सकाळी आली,
ओटीत पवन्याचं, मारवेलाचं बी,
तिच्या बापाच्या कुरणातलं.
पटलं का, विचारलं तर बोलली नाही.
कुसळाचं एक बी तळहातावर ठेवलं,
त्यावर थुंकली,
म्हणाली, बघ.
ओल लागताच त्याची शेपटी पीळ सोडू लागली,
गरागरा फिरत टोक शोधू लागलं
माझ्या कातड्यात जमीन.
ह्याला पहार लागत नाही, म्हणाली.

मी वीस वर्षं पहार चालवलीय.

परवा तीनशे चाळिसाव्या खड्ड्यापाशी गेलो.
अर्धा बुजवून सोडलेला.
कडेच्या उघड्या मुरमावर दोन अंडी,
खड्यांच्याच रंगाची; पाय पडता पडता राहिला.
धाविकेची, असं पोरगी म्हणाली, फोनवर, ओरडून.
पाखरू थोडं पळालं, थांबलं,
परत पळालं,
मला लांब नेण्याचा त्याचा तो प्रयत्न.
गेलो त्याच्या मागं. मुद्दाम.

संध्याकाळी रजिस्टर भरायचं असतं.
लावलेली झाडं, जगलेली झाडं, मेलेली झाडं.
गवताला रकाना नाही.
मी ‘मेलेली’च्या खाली आजचा आकडा लिहिला,
बावन्न,
आणि एक खड्डा बाकी का
त्याचं कारण लिहायला
शेरा दोन बोटं रुंद आहे.