एक वाटी

माझ्या दुकानात झेरॉक्स दोन रुपये,
लॅमिनेशन वीस,
आणि नोकरीच्या अर्जासोबतचं पत्र तीस.
पत्र तयारच असतं.
लाखनीच्या स्टँडासमोर अकरा वर्षं
एकच फाइल, नाव तेवढं बदलतो.
'मी मेहनती, होतकरू व प्रामाणिक असून
दिलेले काम जबाबदारीने पार पाडीन.'
या एका वाक्यावर वॉचमन लागले,
एकजण कोंबडीखाद्याच्या कंपनीत लागला,
आणि बरेच कुठेच लागले नाहीत.

चित्ररेखा वलथरे आली ती दुपारची,
लाइन जायच्या थोडी आधी.
तलावाकडच्या मोहल्ल्यातली, चपलेला वाळलेला गाळ.
मोबाइलच्या कव्हरात घडी करून जाहिरातीचं कात्रण:
साकोलीजवळ मत्स्यबीज केंद्र,
नोंदी ठेवायला सहायक, जागा एक.

मी नाव टाकलं, प्रिंट काढली.
तिनं उभ्यानंच वाचली, ओळीखाली बोट फिरवत.
'भाऊ, हे कोण हाय?'
'तूच.'
'मी होतकरू कई झाली?
अन् मेहनती म्हणसान तं
सकाळी माय तीनदा आवाज देते
तवा उठतो मी.'

तेवढ्यात लाइन गेली.
इन्व्हर्टर फक्त पंख्यापुरता.
आता बसणं आलं, म्हणून विचारलं,
मग येतं काय तुला?

'मोजता येते.'
'काय?'
'जिरं. मासोळीचं.'

मग सांगत राहिली.
रात्री तीनला टेम्पो येतो,
ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, फुगलेल्या, गार.
आत केसाएवढे जीव,
डोळ्याचा ठिपका दिसतो, बाकी सगळं पाणीच.
विकणारा म्हणतो, लाख आहेत.
सोसायटीचे लोक जांभया देत माना हलवतात.
ही एक वाटी घेते,
पांढऱ्या ताटलीत ओतते,
टॉर्च तोंडात धरून एकेक मोजते,
मग पिशवीत वाट्या किती, त्याचा गुणाकार.
'पण वरचीच वाटी मोजली तं फसते माणूस.
वर जितेच असतेत.
तळची घ्या लागते.'

दुसऱ्या हंगामात लाखाचे एकाहत्तर हजार निघाले.
विकणारा हसला.
तिनं ताटली त्याच्यापुढे सरकवली,
म्हणाली, तुमी मोजा.
उजाडेपर्यंत मोजत होता.
रजिस्टरात सही बापाची,
सभासद तो आहे.
आकडे हिचे, पेन्सिलीतले.

मी प्रिंट उलटी केली, पेन काढला.
'किती लिहायचं असते, भाऊ?'
'अर्धं पान. जास्त कोणी वाचत नाही.'
ती थोडी थांबली.
'मंजे एक वाटीच.'

लिहिलं: मी सहा हंगाम मत्स्यजिरे मोजत आहे.
लिहिलं: लाख आणि एकाहत्तर हजार.
'प्रामाणिक' लिहिलं तर म्हणाली, खोडा,
ते मोजून पाहतीन.
सही बापाची होती हेही लिहायला लावलं.
शेवटी म्हणाली, आता तळचं लिहा,
बारावीले गणितात एकदा नापास.
मी पेन उचलला.
'अवं, हे कोण लिहिते?'
'लिहा नं. दुसऱ्या वक्ताले पास, तेबी लिहा.'

लाइन आली साडेपाचला.
टाइप केलं, सव्वीस ओळी भरल्या.
तिनं पन्नासची नोट दिली,
परतीचे वीस
दोनदा मोजून घेतले.

बोलावणं आलं का, अजून कळलं नाही.
पंधरवडा झाला.
परवा विचारणार होतो, तर ती डोंग्यात होती, लांब.

काल एक पोरगा आला, घाईत,
गाडी चालूच ठेवून.
'भाऊ, ते नेहमीचं पत्र द्या.'
मी फाइल उघडली.
'मी' पुढे कर्सर लुकलुकत होता.
म्हटलं, गाडी बंद कर, बस.
तुला येतं काय?
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या दरपत्रकाकडे.
'तीसच रुपये ना?'