वार

विटांचा ट्रक. रविवारी विटा नसतात म्हणून आम्ही,
हौद्यात एकवीस जणी, दांड्याला धरून,
केसांत लाल भुकटी, ओठांवर लाल भुकटी,
आणि विच्छेकाच्या मांडीत भाताचा टोप,
क्रम्याच्या चौकडीत गच्च बांधलेला.
"तीन वर्षं नोम पेन्हमध्ये राहतेस
आणि तोन्ले बाती पाहिलं नाहीस?
आमच्या चुका तेवढ्या मोजतेस."
खरं आहे. पोट भरतं माझं त्यावर.
बाही उलटी करायची, शिवण ताणायची,
चुकली असेल तिथे लाल बाण चिकटवायचा.

देऊळ लहानसं. भिंतीत जांभा.
एवढ्या लांब येऊन ओळखीचं कुणी भेटलं तर तो दगड,
तोही इथलीच भाषा बोलणारा.
आत धूर, अगरबत्त्या, पिवळं कापड पांघरलेला बुद्ध,
त्याचं डोकं नवं, सिमेंटचं.
कुंथियाला वाकता येत नाही आता.
सातवा सरत आलाय. उभ्यानेच हात जोडले तिने,
मग भिंतीतल्या दगडी बाईजवळ गेली,
तिच्या नेसणाच्या चुणीवरून नख फिरवलं
वरपासून घोट्यापर्यंत.
"आठशे वर्षं झाली, उसवली नाही.
चिकटव ना बाण! कुठे चिकटवशील?"
सगळ्या हसल्या. मीही, जरा उशिरा.

खराटा टेकवून येय सारुन म्हणाली, वर बघा.
पानं झाडताना रोज सांगत असणार,
तरी आवाज पहिल्यांदा सांगितल्यासारखा.
उत्तरेच्या भिंतीवर, उंच,
इतकं झिजलेलं की आधी डागच वाटतो:
एक बाई उभी, डोक्यावर पेटी.
दुसरी बसलेली, ती सुईण.
बाळंतीण म्हणे ताठ्यात वागली,
सुईणीचा मान ठेवला नाही,
म्हणून तिची वार पेटीत घालून
जन्मभर डोक्यावर वाहायची.
"आणि राजा?" "तो आहे की तिथे. बसलाय."
"काय करतोय?" "बसलाय."

मी मनातल्या मनात तो शब्द माझ्या भाषेत ठेवून पाहिला.
वार. पोटातून मुलामागे येते ती.
कापड ज्यात मोजतात तोही.
सोमवार, मंगळवार, शनिवारपर्यंतचे सहाच्या सहा.
आणि कुणीतरी हात न उगारता करतं, तोही.
इतकं सगळं एका पेटीत. मान मोडेल बाईची.
हे कुणाला सांगणार? ख्मेरमध्ये होत नाही.

तळ्यावर बांबूच्या खोपट्या, पाण्यावर उभ्या.
चटईचे पैसे आधी ठरवायचे, नाहीतर भांडण;
विच्छेकाने ठरवले, तरी भांडण झालंच,
कोळंबीला लिंबू मागितलं त्याचे वेगळे म्हणून.
कुणी फोनवर गाणी लावली, कुणी झोपलं.
खाली पाण्यात एक मुलगा चप्पल शोधत होता.
कुंथिया झोळीत आडवी, पोटावर कमळाचं बोंड,
एकेक बी काढून सोलत, मधला कडू कोंब टाकत.
"पुढच्या महिन्यात कंत्राट नवं होईल ना?"
तिने विचारलं, मला नाही, वर छपराला.

यादी शुक्रवारी माझ्या टेबलावर होती.
मी ती केली नाही. माझ्याकडे येतही नाही,
चुकून दुसऱ्या कागदांत आली.
चौदावं नाव.
"हं," म्हणाले मी,
हो आणि नाही यांच्या मधलं,
जे सगळ्या भाषांत एकच असतं.

तिने हात पुढे केला. तळव्यावर तीन बिया.
दोन गोड निघाल्या.

परतताना ट्रकमध्ये ती खाली बसली,
पाठ माझ्या गुडघ्यांना टेकवून.
टोप रिकामा. विच्छेकाला कुठेच ठेवता येईना,
खड्ड्यांत खणखणायचा,
म्हणून मी घेतला. हात धरायला हवे होते दांड्याला,
म्हणून डोक्यावर.