मधली चित्रं

गाव खोटं आहे, आधीच सांगते.
नाव क्लोव्हर बेंड, वस्ती एका चौकटीत मावेल इतकी,
प्रत्येक हाताला चारच बोटं.
चौकात मनोरा, मनोऱ्यावरच्या घड्याळाला दोन तोंडं,
पूर्वेकडचं चार मिनिटं पुढे.

एवढ्यावरून पेटलं.

पूर्वेचा न्हावी हॉब पश्चिमेच्या गिऱ्हाइकाला म्हणतो,
‘उशीर केलात, कात्री ठेवली.’
पश्चिमेची पाववाली टुकी पूर्वेच्या पोराला म्हणते,
‘पीठ अजून फुगायचंय. तू काय भविष्यातून आलास?’
सातव्या मिनिटाला शाळेत दोन घंटा,
नवव्याला महापौरबाई कोटावर कोट घालून,
अकराव्याला रस्त्याच्या मधोमध पांढरा पट्टा ओढतात.
वाटेत एक कुत्रा झोपलेला.
त्याच्या पाठीवरूनही ओढतात.

कुत्रा उठतो, आळस देतो,
आणि वीतभर सीमा घेऊन चालू लागतो.
मागोमाग दोन्हीकडचं अख्खं गाव.
तो थांबला की हद्द थांबते,
त्यानं तंगडी वर केली
की दोन्ही बाजूंनी निषेध.

हे लॉस एंजेलिसमध्ये कुणी लिहिलं, माहीत नाही.
आमच्याकडे बुचनला ते खोक्यांतून यायचं,
हिवाळ्यात खोक्यांतले कागदसुद्धा गार.
मुख्य चित्रं त्यांची. मधली आमची.
म्हणजे असं: चित्र क्रमांक एक, हॉबची मूठ.
चित्र क्रमांक पंचवीस, टुकीपुढे उघडा तळवा.
मूठ उघडते कशी,
हे गोष्ट लिहिणाऱ्याला विचारायचं नसतं.
ते तिसऱ्या मजल्यावर, चित्रागणिक मोजून पैसे घेत,
आम्ही ठरवायचं.

आम्ही म्हणजे मी आणि ग्वाक मान-सुन.
टेबलाला टेबल लागलेलं,
अकरा आठवडे अबोला.
कारण सांगायची लाज वाटते:
शार्पनरमधला भुसा कुणी टाकायचा.

पर्यवेक्षक पेंग यांनी काम वाटलं.
दोन ते बारा मी, चौदा ते चोवीस ती.
‘तेरावं आपसात ठरवा,’ म्हणाले,
आणि जिन्यात सिगारेट ओढायला गेले.

आपसात!

माल पाठवायच्या रात्री गठ्ठा बोटांखालून फडफडवला.
मूठ सैलावते, सैलावते,
आणि एकदम हिसका,
हात जणू मधेच कुठे पडून गेला.

पहाटे तीनला, कुणाला न विचारता,
दिव्याच्या काचेवर मी तेरावं काढलं.
गठ्ठ्यात सरकवायला गेले, तर
तिथे एक तेरावं आधीच होतं,
रबराच्या चुऱ्यानं अजून खरखरीत.

मान-सुनचं. आणि चुकलेलं.
पाच बोटं.
नऊ वर्षं हेच काम केलेली बाई,
चार बोटं झोपेतही काढेल.
पाचवी करंगळी, आत वाकलेली.
माझी तशीच आहे,
लहानपणी दारात चेमटली तेव्हापासून.

दोन्ही ठेवली. तेरा, आणि पुन्हा तेरा.

पुढे बऱ्याच वर्षांनी कॅसेट मिळाली.
घड्याळ दुरुस्त होतं, कुत्र्याला आंघोळ घालतात,
हॉब हात पुढे करतो.
सेकंदाच्या चोविसाव्या हिश्शापुरतं
त्याला एक बोट जास्त फुटतं, मग जातं.
हात किंचित अडखळतो.
अडखळणारच.
तिकडे कुणाच्या लक्षात आलं नसावं.

आणि भुसा?
सोमवारी कामावर आलो तेव्हा तो तसाच होता,
शार्पनर तोंडापर्यंत भरलेलं.
दोघी खाली मान घालून बसलो,
आधी कोण उठतंय बघत.